पुन्हा त्याच बेटावर, पण एकटीनं!

माझ्या फोनमध्ये 'सोलो' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात सेव्ह करून ठेवलेल्या रील्स जवळपास सगळ्या सारख्याच. बार्बाडोस नाहीतर सेंट लुशियाचा निळाशार समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली एक मुलगी. कॅप्शनचा सूरही ठरलेला. 'माझ्या बेटावर मी परत आलेय, या वेळी एकटीच.'

रील बघायची, सेव्ह करायची आणि करी रोडहून लोकल पकडायची. गेली दोन वर्षं माझं सोलो ट्रॅव्हल एवढंच होतं. कॅरिबियन बेटांवर जायला विमानाचं तिकीट किती पडतं, हे एकदा उत्साहाने बघितलं. त्यानंतर आठवडाभर वडापावसुद्धा विचार करून खाल्ला!

मग एक दिवस लक्षात आलं, की 'परत जायचं बेट' माझ्याकडेही आहे. व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही. गेटवेपासून साधारण ११ किलोमीटर, बोटीने तासभर. घारापुरी, म्हणजेच आपलं एलिफंटा. बारावीची परीक्षा संपली तेव्हा आमचा आठ जणांचा ग्रुप तिथे गेला होता. आता मी टीवायला आहे. यंदा फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी तिथे परत गेले. एकटी.

'एकटी म्हणजे कोणाकोणाबरोबर?'

आधी हे सांगते, की मला एकटीनं काहीच करता येत नव्हतं. हसू नका, तुमच्यातही असे बरेच असणार. कॉलेज गिरगावात, घर लालबागला. रोजचा प्रवास मी एकटीच करते, पण त्यात कान हेडफोनमध्ये आणि डोळे फोनमध्ये असतात, तो एकटेपणा धरायचा नाही. कँटीनमध्ये कोणी ओळखीचं नसेल तर मी उपाशी राहायचे. एकटीने टेबलावर बसून डोसा खायचा, ही कल्पनाच कशीतरी वाटायची. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं.

त्यातच बारावीचा तो ग्रुप विखुरला. एक कॅनडात, दोघं पुण्यात, एकीचं लग्न ठरलंय. आणि जी सगळ्यात जवळची होती, तिच्याशी गेलं वर्षभर बोलणं नाही. भांडणाचं कारण विचाराल तर आता धड सांगताही येणार नाही. ग्रुप व्हॉट्सअॅपवर अजून आहे. वाढदिवसाला केकचे इमोजी पडतात, बाकी सामसूम.

अशा वेळी मी एमएसाठी हैदराबादचा फॉर्म भरला. घरात कोणी विरोध केला नाही. आईने फक्त एक वाक्य म्हटलं, "आधी एक दिवस एकटी कुठेतरी जाऊन दाखव. हॉस्टेलचं मग बघू." तिचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं होतं.

म्हणून मी सांगितलं, की बुधवारी घारापुरीला जातेय, एकटी. आईने कणीक मळता मळता विचारलं, "एकटी म्हणजे कोणाकोणाबरोबर?"

"आई, एकटी म्हणजे एकटी."

यावर तिने जे विचारलं, ते मात्र चेष्टेचं नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती. बरेच जीव गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. आईनेही बघितला होता. "बोटीत लाइफ जॅकेट घालणार? की फोटो चांगला येत नाही म्हणून काढून ठेवणार?" मी म्हटलं, घालणार. "उतरलीस की फोन?" करणार. "शेवटची बोट?" पकडणार. हो म्हणायला तिला दोन दिवस लागले. तिची भीती उगाचची नव्हती, त्यामुळे या दोन दिवसांत मीही वाद घातला नाही.

आजोबांचं पोर्ट ऑफ स्पेन

घरात एकाच माणसाला ही कल्पना पहिल्या झटक्यात पटली, ती म्हणजे आजोबांना. आजोबा गिरणीत होते. क्रिकेटची कात्रणं त्यांनी अजून जपून ठेवलीयत. कॅरिबियन म्हटलं की मला वाळू आठवते, त्यांना १९७१ साल आठवतं.

त्या वर्षी अजित वाडेकरांच्या कप्तानीखाली भारताने वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. वाडेकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. आणि त्या संघात ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेला, झेवियर्समध्ये शिकलेला, दादर युनियनकडून खेळणारा २१ वर्षांचा एक मुलगा होता. सुनील गावसकर. म्हणजे आत्ता आपण ज्या वयात सबमिशनसाठी रडतोय, त्या वयात! बोट दुखावल्यामुळे पहिली कसोटी त्याला खेळताच आली नाही. पदार्पण झालं ते त्रिनिदाद बेटावर, पोर्ट ऑफ स्पेनला. ६५ आणि नाबाद ६७. भारताने वेस्ट इंडिजविरुद्ध जिंकलेली ती पहिली कसोटी. मालिका संपली तेव्हा चार कसोटींत त्याच्या ७७४ धावा झाल्या होत्या.

हे सगळं मला पाठ आहे, कारण दर वर्षी एकदा तरी ऐकावं लागतं. पण या वेळी आजोबा पुढचं बोलले. "१९७६ ला तो त्याच मैदानावर परत गेला. चौथ्या डावात ४०३ करायचे होते. कोणाला वाटलं होतं होतील? सुनीलच्या १०२, विशीच्या ११२. चार बाद ४०६. जिंकलो!"

"मग?"

"मग काय मग? पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला तिकडे कोणी ओळखत नव्हतं. दुसऱ्यांदा सगळे त्याच्यासाठी टपून बसलेले. मैदान तेच, मॅच वेगळी. तू जा परत."

आजोबांचं बोलणं मी अर्धं सोडून देते. हे मात्र डोक्यात राहिलं.

वरचा डेक

सकाळी करी रोडहून सीएसएमटी, तिथून फोर्टातून चालत गेटवे. सव्वानऊच्या सुमाराला बोटीत पाय ठेवला. मागच्या वेळी आम्ही आठ जण वरच्या डेकवर उड्या मारत चढलो होतो, गाणी म्हटली होती, सीगलना वेफर्स टाकले होते. (टाकू नका, त्यांचं खाणं ते नाही, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.) या वेळी मी लाइफ जॅकेट घालून, बॅग मांडीवर घेऊन कडेला बसले. पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली. समोर एक कुटुंब, बाजूला कोणाचं तरी हनिमून, मागे ऑफिसची पिकनिक. प्रत्येकाला कोणी ना कोणी होतं. हात आपोआप फोनकडे जात होता.

मग फोन बॅगेत टाकला आणि चेन लावली. इतका साधा उपाय, पण तिथून पुढे दिसायला लागलं. ताज मागे लहान होत गेलं. नौदलाची जहाजं गेली. जवाहर द्वीपाजवळ तेलाचे टँकर उभे होते, एकेक टँकर आमच्या चाळीएवढा लांब. मागच्या खेपेलाही हे सगळं इथेच असणार. आम्ही ते बघितलं नव्हतं, कारण आम्ही एकमेकांना बघत होतो.

गंमत म्हणजे बेटावर जायला मी ज्या लालबाग-परळहून निघाले, तेही एके काळी बेटच. मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यातलं एक परळ. शाळेत हे घोकलं होतं, पण पाण्यातून मागे वळून बघताना पहिल्यांदा खरं वाटलं. म्हणजे मी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालले होते. आमच्या बेटाच्या कडेची खाडी बुजवली, यांची राहिली, एवढाच फरक.

अकरा मिनिटं आणि पाऊण तास

जेट्टीवर उतरले, आईला फोन केला. टॉय ट्रेन सोडून चालत निघाले. मग पायऱ्या. साधारण १२० आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. लेण्याच्या दाराशी पोचले तेव्हा एक जुना फोटो आठवला, म्हणून फोनची गॅलरी उघडली. बारावीच्या ट्रिपमध्ये मुख्य लेण्यातला आमचा पहिला फोटो ११ वाजून ४ मिनिटांचा, शेवटचा ११ वाजून १५ मिनिटांचा. दीड हजार वर्षांच्या लेण्याला आम्ही दिलेला वेळ, अकरा मिनिटं! पुढचा फोटो थेट माकडाने पळवलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा.

या वेळी मी सदाशिवासमोर बसले. ज्याला सगळे 'त्रिमूर्ती' म्हणतात, ते हे शिल्प. माणसाच्या तिपटीहून उंच. अनेकांना वाटतं हे ब्रह्मा, विष्णू, महेश. मलाही तसंच वाटायचं. पण तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. आपल्या डाव्या हाताला मिशा असलेला, रागीट, हातात साप घेतलेला अघोर. उजवीकडे कोवळा, स्त्रीसारखा वाटणारा, हातात कमळ असलेला वामदेव. आणि मध्ये डोळे मिटलेला, शांत तत्पुरुष. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर सुरुवातीला मधलाच चेहरा दिसतो. बाजूचे दोन अंधारात असतात. डोळे सरावायला थोडा वेळ जातो, मग कमळाची पाकळी दिसते, मग सापाची फणा. अकरा मिनिटांत आम्हाला फक्त मधला चेहरा दिसला होता यात नवल नाही.

पाऊण तास बसले. तीन-चार ग्रुप आले आणि गेले. गाइड प्रत्येकाला एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषेत सांगत होते, ती फुकटात कानावर पडली. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगा झेलणारा शिव. पलीकडे शिव-पार्वतीचं लग्न, तिथे पार्वती लाजून उभी आहे. कैलास हलवणारा रावण. हातपाय तुटलेला नटराज, तरी तो नाचतोय हे कळतं. ही लेणी सहाव्या शतकातली मानतात. कलचुरी राजांचा काळ असावा, असं बरेच अभ्यासक म्हणतात. ठामपणे सांगता येत नाही, कारण इथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो हरवला. एवढं मोठं काम करणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. १९८७ पासून हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे.

एवढ्यात एका काकूंनी विचारलं, "बेटा, आमचा फोटो काढतेस?" काढला. त्यांनी विचारलं, "तुझा काढू?" मी हो म्हटलं. सबंध दिवसाचा माझा तेवढा एकच फोटो आहे. त्यात मी लाइफ जॅकेटमुळे चुरगळलेल्या कुर्त्यात उभी आहे, आणि तो माझा आवडता फोटो आहे.

"एकटीच आयलीस गो?"

दुपारी एक वाजला आणि कँटीनवाली भीती परत आली. एकटीने जेवायचं! दोन हॉटेलांवरून नुसती चालत गेले. शेवटी पायऱ्यांच्या कडेला काकडी, कैरी, मक्याची कणसं विकणाऱ्या एका मावशींकडे थांबले. डबा घरचा होता, फक्त काकडी घ्यायची होती.

"एकटीच आयलीस गो?" मावशींनी विचारलं.

दिवसभरात हा प्रश्न मला तिकीटवाल्याने, बोटीतल्या आजींनी आणि एका गाइडनेही विचारला होता. प्रत्येक वेळी मी 'मैत्रीण येतेय मागून' असं खोटं सांगितलं होतं. मावशींना मात्र खरं सांगितलं. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. "बस मंग. जेव."

त्यांची मुलगी बाजूलाच बसून कणसं सोलत होती. माझ्याच वयाची. उरणच्या कॉलेजात बीकॉम करते. हो, घारापुरी मुंबईतून दिसतं, पण ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. बेटावर तीन वाड्या आहेत, शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. कॉलेज नाही. मोठं हॉस्पिटल नाही. त्यामुळे काहीही असलं की बोट.

"तू एकटी जातेस बोटीने?" मी विचारलं.

"मग कोण येणार सोबत?" ती हसली. "त्यात काय?"

त्यात काय! ज्या गोष्टीसाठी मी घरात दोन दिवस परवानगी मागत होते, ती तिची रोजची कॉलेजची वाट होती. पावसाळ्यात दर्या खवळला की बोट सुटत नाही आणि लेक्चर बुडतं. परीक्षेच्या दिवसांत ती आदल्या रात्रीच उरणला मावशीकडे जाऊन राहते.

वीज कधी आली, हे तिला तारखेसारखं आठवतं. फेब्रुवारी २०१८. त्याआधी स्वातंत्र्याची सत्तर वर्षं समोर मुंबईचे दिवे दिसायचे, पण बेटावर वीज नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, मग अंधार. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा घराघरात दिवे आले. "पयल्या दिवशी आम्ही उगाच बटण चालू-बंद करीत होतो," मावशी म्हणाल्या. मागच्या वेळी आम्ही आठ जणांनी याच पायऱ्यांवर 'इथे चार्जिंग पॉइंट नाही का' म्हणून कुरकूर केली होती. विचारायला हवं होतं, पण विचारायला कोणाला वेळ होता?

मग तिने मला विचारलं, "तुम्ही दादरला गाडी बदलता ना? मी एकदा गेलेय. संध्याकाळची. ते माणसं बघून मी रडायलाच आले. तिथे एकटं चालायला भीती नाही वाटत?"

मला कधीच वाटली नव्हती. दादरच्या पुलावर मी डोळे मिटूनसुद्धा चालेन. तिला बोटीची भीती वाटत नाही, मला दादरची नाही. जिथे रोज जातो तिथे आपण एकटे असलो तरी एकटे नसतो, एवढंच मला त्या स्टुलावर कळलं. हैदराबादही कधीतरी माझं दादर होईल. पहिल्या दिवशी होणार नाही, पण होईल.

टेकडीवरून मागे

आता सगळं गोड गोड सांगितलं आणि हे लपवलं, तर ते खोटं होईल. जेवून मी पूर्वेकडच्या स्तूपाच्या टेकडीकडे निघाले. बेटावर एकूण सात लेणी आहेत. मुख्य पाच शैव लेणी पश्चिमेच्या टेकडीवर, तर बौद्ध अवशेष या पूर्वेच्या टेकडीवर. तिकडे फारसं कोणी जात नाही. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर लक्षात आलं, की पुढे कोणी नाही आणि मागे दोन मुलं आहेत. कदाचित तीही टेकडीच बघायला निघाली असतील. मी थांबले की तीही थांबत होती. पोटात गोळा आला.

दोन मिनिटं मी उभी राहून मनाशी वाद घातला. सोलो ट्रॅव्हलर अशी घाबरते का? मग मागे वळले, त्यांच्या बाजूने मान वर ठेवून, फोनवर आईशी मोठ्याने बोलत सरळ खाली आले. आईला काही कळलं नाही, तिला वाटलं मी उगाच काकडीचे भाव सांगतेय.

स्तूप बघायचा राहिला. थोडा वेळ खूप चिडचिड झाली. मुलगा असते तर वर गेले असते, हेही मनात आलं, आणि ते खरंच आहे. रील्समध्ये असे मागे फिरण्याचे भाग कोणी टाकत नाही. पण मागे फिरणं म्हणजे हरणं नाही. आपल्या पोटातल्या गोळ्यावर विश्वास ठेवायचा, हे मला ग्रुपमध्ये कधी शिकायला मिळालंच नसतं. ग्रुपमध्ये निर्णय दुसरंच कोणीतरी घेतं.

त्याऐवजी तोफांच्या टेकडीवर गेले, तिथे चांगली गर्दी होती. दोन जुन्या तोफा आणि समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूने आता आमचं परळ पलीकडच्या किनाऱ्याला जोडलंय. घारापुरीला मात्र अजूनही बोटच.

परतीची बोट

पाचच्या आत परतीच्या बोटीत बसले. मावशींच्या मुलीने जेट्टीपर्यंत सोबत केली आणि अर्धी कैरी हातात दिली. नंबर घेतले. नाव सांगत नाही, तिने पेपरात टाकू नकोस म्हणून बजावलंय.

बोटीत मी दिवसभरात पहिल्यांदा जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला. फोटो नाही, फक्त एवढंच, 'घारापुरीला आलेय. माकडं अजून तशीच आहेत.' चार जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. जिच्याशी वर्षभर बोलणं नाही, तिचा वेगळा मेसेज आला. 'एकटी गेलीस? तू??' दोन प्रश्नचिन्हं. मी लिहिलं, 'हो, मी.' बस, एवढंच. सगळं मिटलं वगैरे काही नाही. पण इमोजीच्या पलीकडचं काहीतरी वर्षभरात पहिल्यांदा बोललो.

घरी आल्यावर आजोबांना सदाशिवाबद्दल सांगत होते. ते म्हणाले, "एवढं लांब कशाला गेलीस? आपल्याकडे पण आहे की." मला वाटलं चेष्टा करतायत. नाही! १९३१ साली परळमध्ये रस्त्याचं काम चालू असताना एक प्रचंड शिवशिल्प सापडलं. एकाच दगडात शिवाची सात रूपं, साधारण साडेतीन मीटर उंच आणि साधारण घारापुरीच्याच काळातलं. ते आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे. घरापासून चालत जाण्याएवढं जवळ. एकवीस वर्षं त्या बाजूने जातेय, आत कधी गेले नव्हते.

आणि ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तो दगडी हत्तीही आपल्याच बाजूला, भायखळ्याला आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडले. आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. पेंग्विन बघायला जाताना आपण त्याच्या बाजूने गेलेलो असतो.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणी नव्हतं. मी डोसा घेतला, टेबलावर बसले आणि खाल्ला. कोणीही बघत नव्हतं. बहुतेक कधीच कोणी बघत नसावं.

'सोलो' फोल्डर मी डिलीट केलेलं नाही. सेंट लुशिया तिथेच आहे, नोकरी लागली की बघू. पण पाऊस संपला की आधी घारापुरीला तिसऱ्यांदा जायचंय. स्तूपाची टेकडी राहिलीय. या वेळी आई येते म्हणाली. लालबागमध्ये चोवीस वर्षं संसार केला, पण गेटवेच्या पलीकडे ती कधी गेलेली नाही. मी विचारलं, "आई, एकटी येशील?"

"एकटी म्हणजे तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

एकट्याने घारापुरीला जाताय? मग एवढं लक्षात ठेवा

- सोमवारी लेणी बंद असतात. शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी. मधला वार निवडा.
- सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. गर्दी वाढायच्या आत मुख्य लेणं शांतपणे बघून होतं.
- लाइफ जॅकेट बोट सुटण्याआधी घाला आणि उतरेपर्यंत काढू नका. कोणी दिलं नाही तर मागा.
- परतीचं तिकीट जपून ठेवा आणि शेवटची बोट कधी सुटते, हे उतरल्या उतरल्या जेट्टीवर विचारा. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही.
- पावसाळ्यात हवामान बघूनच बोटी सुटतात. निघण्याआधी चौकशी करा.
- खाण्याच्या पिशव्या आणि बाटल्या हातात मिरवू नका. माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.
- घरी कोणाला तरी वेळापत्रक सांगून जा. ओसाड वाटेवर मनाला पटलं नाही तर सरळ मागे फिरा, कारण द्यायची गरज नाही.
- पाणी, काकडी, कणीस तिथल्याच माणसांकडून घ्या. प्लॅस्टिक मात्र बॅगेत घालून परत आणा.
- आणि निदान अर्धा तास फोन बॅगेत ठेवा. बाकीचे दोन चेहरे तेव्हाच दिसतात.